सरोजिनीबाईंचा कंट्रोल टॉवर

सरोजिनी गायधनी यांनी एकतीस वर्षं नाशिकच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाची नोकरी केली. काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या नोंदी ठेवायच्या, चालक-वाहकांचे रुसवे काढायचे आणि माइकवरून गाड्या पुकारायच्या. पहिली दोन कामं बरी करणारे पुष्कळ होते. तिसऱ्यात मात्र बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. हॉर्न, फेरीवाले, जागेवरून चाललेली भांडणं या सगळ्यातून त्यांचा आवाज शेवटच्या बाकावरच्या म्हातारीपर्यंत सरळ पोचायचा. शब्द सुटे, आकडे स्वच्छ, घाई नाही.

निवृत्तीनंतर हा आवाज पंचवटीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बिनकामाचा पडून राहिला. यजमान गेलेले, मुलगी बेंगळुरूला. बोलणं व्हायचं ते भाजीबाजारात. तिथंच एका सकाळी त्यांनी "मेथी आजची आहे का कालची?" एवढंच विचारलं आणि शेजारी वांगी निवडणारा चाळिशीचा माणूस एकदम ताठ झाला.

"नामपूर, मार्गे सटाणा!" तो म्हणाला. "मॅडम, तुम्हीच ना? कॉलेजात असताना दर शनिवारी तुमच्या आवाजावर गाडी पकडलीय मी."

हा ललित देवरे. त्याने आधी बँक भरतीचे क्लास काढले, मग पोलीस भरतीचे, मग जर्मन भाषेचे. सध्या कॉलेज रोडला 'गगनवेध एव्हिएशन अकॅडमी' चालवत होता. व्यावसायिक वैमानिक होण्यासाठी ज्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात, त्यांची तयारी तिथे करून घेतली जाई. विमान उडवायला पुढे दुसरीकडे जायचं, इथं नुसतं पुस्तकातलं आकाश. ललित स्वतः विमानात एकदाच बसला होता, लग्नानंतर गोव्याला जाताना. पण खांद्यावर सोनेरी पट्ट्यांचा पांढरा शर्ट त्याने बँडवाल्यांचे गणवेश शिवणाऱ्या टेलरकडून शिवून घेतला होता. पट्ट्या चार, म्हणजे थेट कॅप्टनच्या. तीन पट्ट्यांनी खांदा भरत नाही, असं टेलरचं मत पडलं.

"मॅडम, माझ्या पोरांचं गणितबिणित ठीक आहे," ललित म्हणाला. "पण रेडिओवर बोलायची परीक्षा असते, तिथे दातखीळ बसते. तुम्ही टॉवर व्हा. नुसतं बोलायचंय."

नुसतं बोलायचंय, हे ऐकून बाईंच्या मनाने तिथेच होकार दिला. तरी ललितने दिलेलं इंग्रजी पुस्तक त्या दोन महिने डिक्शनरी घेऊन वाचत बसल्या. आकडे एकेक करून सांगायचे, ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, नीट ऐकू आलं नाही तर बेधडक पुन्हा विचारायचं. "अहो, हेच तर आम्ही करत होतो," त्या पुस्तकाला म्हणाल्या.

अकॅडमीत पुढे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, ते कॉकपिट. कोपऱ्यात पोपटांच्या नक्षीची चादर टांगली होती, तिच्यामागे माइक घेऊन बाई बसत, तो कंट्रोल टॉवर. रेडिओ चालतो कसा हे शिकवायला पुण्याहून एक इंजिनिअर ऑनलाइन येत, पण बहुतेक वेळा त्यांचाच आवाज बंद असे.

पहिल्याच दिवशी कॉकपिटात बसला अश्विन. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षांच्या पॅकहाउसवाल्या नवनाथ शेटेंचा एकुलता एक. गॉगल घालूनच आला होता.

"व्हिक्टर टँगो चार्ली, रनवे टू सेवन, क्लिअर्ड टू लँड," चादरीमागून आवाज आला. आधी विमानाचं नाव, मग धावपट्टीचा नंबर, शेवटी उतरायची परवानगी.

"हां हां, येतो मॅडम," अश्विन म्हणाला.

"येतो काय? पाहुणा आहेस का? मी काय सांगितलं ते परत म्हण."

"लँड करा म्हणाल्या."

"कुठे?"

"खाली."

वर्ग खिदळला. मागच्या रांगेतली राखी तेवढी हसली नाही. ती वहीत काहीतरी लिहीत होती. राखी पगारे नाशिकरोडच्या एका कॉलनीतून दोन बस बदलून यायची. वडील शाळेत क्लार्क. तिच्याकडे गॉगल नव्हता, पण तिने पहिल्याच फेरीत टॉवरचं वाक्य ऐकू आलं तेवढं जसंच्या तसं परत म्हटलं आणि वर, "मॅडम, वाऱ्याचा आकडा नीट ऐकू आला नाही, पुन्हा सांगता?" असं विचारलं. चादरीमागे बाईंना भरून आलं. एकतीस वर्षांत एकाही प्रवाशाने त्यांना इतक्या नीट पुन्हा विचारलं नव्हतं. प्रवासी सरळ भांडायलाच यायचे.

महिन्याभरात वर्गाची जीभ सुटली. मग एके दिवशी राखीने विचारलं, "मॅडम, तुम्ही कोणत्या विमानतळावर होतात?"

"मी? कोण म्हणतं?"

राखीने अकॅडमीचं पत्रक पुढे केलं. निळ्या आकाशात एक विमान, त्याच्या शेजारी बाईंचा फोटो, डोक्यावर भला मोठा हेडफोन आणि खाली ठळक अक्षरात, 'निवृत्त वरिष्ठ ट्रॅफिक कंट्रोलर यांचे प्रत्यक्ष मार्गदर्शन'.

बाई पत्रक घेऊन तडक ललितच्या केबिनमध्ये गेल्या.

"मॅडम, यातला एक तरी शब्द खोटा आहे का?" ललितने एकेक बोट दुमडत विचारलं. "निवृत्त आहात. वरिष्ठ आहात. ट्रॅफिक कंट्रोलर, म्हणजे वाहतूक नियंत्रकच ना?"

"अरे, पण लोक विमानांची समजतात!"

"मी 'एअर' कुठे लिहिलंय? ते वाचणाऱ्याने मनानं घातलं."

"आणि हा हेडफोन?"

"तो ग्राफिकवाल्याचा उत्साह."

बाईंनी त्याच वेळी पत्रकं फाडायला हवी होती. त्यांनी फाडली नाहीत. त्याचं असं झालं की गल्लीतही पत्रक पोचलं होतं. ज्या शेजारणी काल "बसवाल्या काकू" म्हणत, त्या "मॅडम" म्हणू लागल्या होत्या. बँकेतल्या पोराने बसायला खुर्ची दिली. इतकी वर्षं लोकांनी त्यांचा आवाज ऐकला, पण तोंड पाहून कुणी नमस्कार केला नव्हता. आपण कुठे खोटं बोललो, अशी समजूत घालून बाई गप्प राहिल्या. राखीला मात्र त्या "नंतर सांगते" म्हणाल्या, आणि ते नंतर काही लवकर आलं नाही.

तेवढ्यात नवनाथरावांनी पिंपळगावात सोहळा ठरवला. 'कॅप्टन अश्विन यांची वैमानिक प्रशिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल' हायवेला फ्लेक्स लागला. निवड म्हणजे काय, तर अश्विनने क्लासमध्ये नाव घातलं होतं. फ्लेक्सवर अश्विन एका जेट विमानाला टेकून उभा होता आणि खाली चौदा शुभेच्छुकांची डोकी होती. त्यातले दोघे परस्परांचे राजकीय विरोधक, पण विमानाखाली एक झाले होते. गुरू म्हणून सरोजिनीबाईंचा सत्कार ठेवला होता.

मांडवात चारशे माणूस. नवनाथरावांनी बाईंच्या खांद्यावर शाल घातली आणि माइक हातात घेतला. "ह्या मॅडमनी एकतीस वर्षं देशाचं आकाश सांभाळलं. वर कितीबी इमानं असू द्या, ह्यांच्या शब्दाबाहेर एक बी जात नव्हतं! लय भाग्य आमचं!"

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत क्लासच्या मुलांमध्ये राखी वडिलांसोबत बसली होती. तीही टाळ्या वाजवत होती. बाईंना ते बघवेना. त्या उठल्या, माइक हातात घेतला.

"माझी एक चूक झाली," त्या म्हणाल्या. "मी विमानतळावर नव्हते. मी नाशिकच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. विमान मी फक्त खालून पाहिलंय."

नवनाथरावांनी चटकन दुसरा माइक ओढला. "बघा, किती साध्या! एवढ्या मोठ्या हायेत, पण बसस्टँडवर होते म्हणत्यात!"

पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा जोरात. ललितही वाजवत होता. बाईंच्या लक्षात आलं की खरं सांगून भागणार नाही, ते लोकांना ओळखू येईल असं सांगावं लागेल. त्यांनी घसा साफ केला, माइक ओठांपासून चार बोटं दूर धरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नाशिकहून नामपूरला जाणारी गाडी, मार्गे पिंपळगाव, सटाणा, फलाट क्रमांक दोनवर उभी आहे. वाहक आणि चालक यांनी त्वरित गाडीजवळ यावे."

नियमाप्रमाणे त्यांनी ते दोनदा सांगितलं. दुसऱ्या खेपेला मांडवातली अर्धी माणसं नकळत पिशव्या चाचपू लागली. नामपूरहून आलेली अश्विनची आजी उभीच राहिली. "हाई ते आपली गाडीवाली बाई शे!" ती ओरडली. मग जो हशा पिकला, त्यात नवनाथरावांचा माइक पार बुडाला. सत्काराचा नारळ बाईंच्या हातात द्यायचा कुणाला सुचलंच नाही, पण जेवताना आजीने त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि स्वतःच्या ताटातली जिलबी वाढली.

परतताना गाडीत ललित ओझरजवळ म्हणाला, "एवढं चांगलं चाललं होतं." दुसऱ्या दिवशी पाच पालकांनी मुलं काढून घेतली. पत्रकावर बाईंच्या जागी एका अनोळखी गोऱ्या माणसाचा फोटो आला. बाईंना 'तूर्तास' येऊ नका असं कळवण्यात आलं.

तिसऱ्या दिवशी राखी घरी आली. चपला दारात काढून सरळ म्हणाली, "मला आधीच सांगायला हवं होतंत."

"हो," बाई म्हणाल्या. "मला मोठेपणा आवडला गं. दुसरं काही कारण नाही."

राखीने वही उघडली. "परीक्षेला वीस दिवस राहिलेत. बसायचं का?"

मुंबईला झालेल्या रेडिओच्या परीक्षेत राखी पहिल्याच खेपेला पास झाली आणि पुढे शिष्यवृत्ती मिळवून प्रत्यक्ष उड्डाण शिकायला बाहेरगावी गेली. अश्विन गोऱ्या माणसाच्या फोटोखाली शिकून त्याच परीक्षेला गेला. परीक्षकांनी उतरायची परवानगी दिली तेव्हा तो "ओके सर, थँक्यू सर, येतो" म्हणाला आणि नापास झाला. मग ललितने पाटी बदलून ड्रोनचा क्लास काढला. अश्विन आता वडिलांच्या द्राक्षबागेवर ड्रोनने फवारणी करतो. उत्तम करतो, आणि गॉगलही तिथे कामाला येतो. गाव त्याला अजून कॅप्टनच म्हणतं. फ्लेक्स उतरवायचा कुणालाच अधिकार नव्हता.

राखीच्या ओळखीने सरोजिनीबाईंकडे चार मुलं येऊ लागली. दुपारी चार वाजता हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या जातात, बाई स्वयंपाकघरातून बोलतात. खालच्या मजल्यावरच्या जोशींनी सोसायटीकडे तक्रार केली, तेव्हा सेक्रेटरींनी लेखी नोटीस धाडली, 'सदनिकेत विमाने उतरवू नयेत.'

बाईंनी त्याच दिवशी सुवाच्य अक्षरात उत्तर दिलं, 'सदनिकेत विमाने उतरवली जात नाहीत. फक्त परवानगी दिली जाते.'