घोंगडं टांगलेलं दार

मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उंदरांची स्मरणशक्ती तपासते. सकाळी दौंडहून डेमू गाडीने जाते, संध्याकाळी परतते. लग्न होऊन राहू गावी आले तेव्हा माझे सासरे, आबा, गावभर सांगत सुटले होते, "आमी मेंढरं राखली, सून उंदरं राखती." तेव्हा मला राग यायचा. अलीकडे मात्र ते एक वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते.

कारण आबा विसरू लागले होते. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आणलं. इथे सगळी दारं एका रंगाची, पायऱ्याही सारख्याच. आबा संध्याकाळी फिरायला जात आणि परतताना दिसेल त्या घरात शिरून ऐसपैस बसत. माणसं भली, चहा पाजून आणून सोडायची. मला ते आता नुसतं "बाई" म्हणायचे, डॉक्टरीणबाईंना म्हणावं तसं. एकदा ते पार रुळांपर्यंत गेले आणि माझ्या नवऱ्याचा धीर सुटला. त्याने घराच्या फाटकाला लावायला कुलूप आणलं. जन्मभर माळावर हिंडलेल्या माणसाला कोंडायचं? माझं डोकंच फिरलं. "थोडे दिवस थांब, मला एक करून बघू दे," मी म्हणाले.

आमच्या प्रयोगशाळेत एक मोठं गोल टेबल आहे. त्याच्या कडेने भोकं, आणि एकाच भोकाखाली लपायला डबा. उंदीर भिंतींवरची चित्रं बघून आपलं भोक शोधतो. चित्रं काढून घेतली की चांगला हुशार उंदीरही भांबावतो. आमच्या दारावर नावाची पाटी होती, पण आबा शाळेत गेलेच नव्हते. त्यांच्यासाठी चित्र कुठं होतं?

मी ट्रंकेतलं त्यांचं काळं घोंगडं काढून दाराशेजारी टांगलं. नवऱ्याने कपाळावर हात मारला. रोज कामावरून आले की मी आबांना फिरवून आणायचे. घोंगड्यापाशी थांबायचं, त्यावर हात फिरवायचा, मग आत जायचं.

एका रविवारी त्यांना एकटं सोडलं आणि आम्ही दोघं समोरच्या कडुनिंबाआड चोरासारखे उभे राहिलो. नवऱ्याच्या हातात कुलूप होतंच. आबा आले, घोंगड्यापाशी थांबले, हात फिरवला, आणि सरळ पुढे जाऊन तिसऱ्या दारात शिरले. तिथे शिरूरच्या एक काकू राहतात.

मी धावत गेले. आबा खुर्चीत बसून बशीतून चहा पीत होते.

"आबा, घर चुकलात?"

"चुकतुय कशाला? घोंगडं दिसलं की मला. पर तुझा च्या बिनसाखरेचा. हितं ग्वाड मिळतो."

डॉक्टरांनी साखर बंद केल्याचा राग त्यांनी माझ्यावर धरला होता तर. उंदीरसुद्धा आपलं भोक सापडल्यावर कितीदा आत न जाता पुढची भोकं हुंगत फिरतात. त्याला आम्ही विसरणं म्हणत नाही. मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी आलं.

आबांनी काकूंकडे बघितलं. "हिलाबी घोटभर द्या. सून हाय माझी. उंदरं राखती."

नवरा मागून येऊन दारात उभा होता. त्याने कुलूप खिशात घातलं आणि पायातल्या चपला काढल्या.