बापूंचं कॅनॉलातलं स्वप्न

भर मे महिन्यात बापू बूट-मोजे घालून आले, तेव्हाच मला चमत्कारिक वाटलं. हडपसरचा शेतकरी गडी, एरवी कायम चपलांत.

"रिपोर्ट बघा डॉक्टरसाहेब, झ्याक हाय."

होताच. लघवीतून जाणारं प्रोटीन बरंच कमी झालं होतं. प्रोटीन जायला लागणं म्हणजे किडनीची चाळण सैल होत असल्याची खूण. बापूंचे थोरले भाऊ डायलिसिसवर. त्या मशीनची बापूंना धास्ती. म्हणून त्यांच्या डायबेटिसवर मी इन्सुलिन सेन्सिटायझर दिलं होतं. डायबेटिसमध्ये इन्सुलिन दार वाजवत राहतं आणि पेशी दुपारच्या पुणेरी दुकानदारासारखी दार उघडत नाही. ही गोळी तिला जरा माणुसकी शिकवते. साखर उतरते, काहींच्या किडनीलाही आराम मिळतो.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. असा रिपोर्ट आला की अजूनही वाटतं, वडिलांना दाखवावा. पंखा संथ फिरत होता. कागदावर ऊन सांडलं होतं. बापूही तंद्रीत बोलत होते.

"झोपेत लई मजा येती. रोज कॅनॉलात उताणा तरंगतोय. वर आभाळ, काठाला पेरूची बाग. अंग पिसावानी हलकं. मग पाणी नाकातोंडात जातं अन् उठून बसतो."

मी कागद खाली ठेवला.

"उठल्यावर धाप लागते?"

"छ्या!"

"लागती की," शेजारी बसलेल्या त्यांच्या मिसेस म्हणाल्या. "खिडकीपाशी बसून ऱ्हात्यात. अन् मोजे काढायला सांगा त्यांना."

"तू गप गं."

"गप बसून कपाळ पांढरं करून घेऊ व्हय?"

मोजे निघाले. घोट्यावर बोट दाबलं. खड्डा तसाच राहिला. ही गोळी काहींच्या अंगात पाणी साठवते. हृदय थकलेलं असेल तर ते पाणी छातीपर्यंत चढतं.

"सूज आली तर लगेच या, असं बजावलं होतं ना?"

"आलो असतो तर गोळी बंद केली असती तुम्ही. मला भावाशेजारच्या खाटंवर नाय जायचं."

"गोळी आजपासून बंद. आधी इको काढू, हृदयाची सोनोग्राफी."

हृदय अशक्त निघालं. ॲडमिट केलं, पाणी उतरवलं. पुढे दुसऱ्या गटातली गोळी दिली, जादा साखर लघवीवाटे काढणारी. ती हृदयालाही मानवते. प्रोटीन थोडं वाढलं, मग स्थिरावलं. डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही.

चांगला रिपोर्ट एका अवयवाचा असतो. घरी अख्खा माणूस जायचा असतो.