साळवे सरांचा बोल्ट

साळवे सर गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवरच कळलं. रविवारची दुपार, मी भाकरी थापत होते. पिठाच्या बोटानंच मेसेज उघडला आणि तशीच बसून राहिले... सोमवारी त्यांची माफी मागायची, हे मी आदल्याच दिवशी ठरवलं होतं.

आम्ही दोघं छावणीतल्या एकाच शाळेत विज्ञान शिकवायचो. विद्युतचुंबक हा सरांचा लाडका धडा. बिडकीनच्या भंगारातून आणलेला वीतभर पोलादी बोल्ट, त्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. तार सेलला जोडली की टाचण्या पटापट चिकटायच्या. सेल काढला की बऱ्याच गळायच्या, दोन-चार मात्र लटकून राहायच्या. पोरं श्वास रोखून बघायची. सर आधी कारण सांगायचे, "पोलाद हाय बाबांनो, लई हट्टी. लगेच सोडत नाय. भंगारवाल्याच्या क्रेनला असं चालंल व्हय? म्हणून तिथं मऊ लोखंड." मग बोल्टाला तीन टिचक्या, की उरलेल्या खाली.

हे मला नंतर पोरांकडून कळलं. मी कधी पूर्ण तास ऐकलाच नव्हता ना! पुस्तकात करंट बंद की चुंबकत्व बंद, एवढंच मला ठाऊक. त्या शुक्रवारी दारातून बघितलं, तीन टाचण्या लटकलेल्या. माझी जीभ कुठली थांबते? आठवीच्या भरल्या वर्गासमोर बोलले, "सर, चुकीचं शिकवताय तुम्ही."

सरांनी कारण सांगितलं नाही, टिचक्याही मारल्या नाहीत. "बरं मॅडम," म्हणाले आणि बोल्ट टाचण्यांसकट ड्रॉवरमध्ये ठेवला. शनिवारी मी जुनं पुस्तक काढून वाचलं. सर बरोबर होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. फोन उचलला, पण म्हटलं, समोरासमोरच बोलू.

महिन्याभरानं तो राहिलेला धडा माझ्याकडे आला. ड्रॉवर उघडला. खडूसाठी दिवसातून दहादा तो उघडतात, आपटून बंद करतात. तरी बोल्टाला तिन्ही टाचण्या तशाच. शेजारचं होकायंत्र उत्तर सोडून बोल्टाकडं तोंड करून बसलेलं.

वर्गासमोर बोल्ट धरला. एक टिचकी मारली. दुसरी. तिसरी. पुन्हा मारल्या, नख दुखायला लागलं. एकही टाचणी हलेना.

पहिल्या बाकावरची शबाना हळूच म्हणाली, "मॅडम, माझी ताई म्हणती, सर आधी सांगायचे. मंग टिचकी."

"त्या दिवशी सर बरोबर होते," मी म्हणाले. "चुकले मी. तुमच्यासमोर त्यांना बोलले, तेही चुकले."

मी टिचकीसाठी हात उचलला. टेबलावर टाचणी पडल्याचा टिक्‌ असा आवाज झाला. मग दुसरा. मग तिसरा.

माझा हात अजून हवेतच होता.