जांभईताई

ती लॉन्ड्रीत इस्त्री करायची आणि संध्याकाळी व्यायामशाळेत वजनं उचलायची. तिथे तिला सगळे ‘जांभईताई’ म्हणत. स्पर्धेत बारसमोर उभं राहिलं की इतरांच्या पोटात गोळा यायचा, हिला मात्र जांभया सुटायच्या. अगदी जबडा दुखेपर्यंत! बघणाऱ्याला वाटावं, बाई अंथरुणातून थेट इथेच आल्या. पण जांभई झाली की तिचे खांदे सैल पडायचे, श्वास खाली उतरायचा आणि बार निमूटपणे वर यायचा. असं का होतं, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

मग नवे सर आले. माणूस सोन्यासारखा. तिच्या गुडघ्याची जुनी कुरकुर त्यांनीच बंद केली, ते उपकार ती अजून विसरलेली नाही. पण जांभई त्यांच्या डोळ्यांत खुपली.

"आत्मविश्वास चेहऱ्यावर दिसायला हवा! जांभया कसल्या देता? ओरडा, मांडीवर थाप मारा!"

ती पडली गुणी विद्यार्थिनी. ओरडायला शिकली, थाप मारायला शिकली आणि आलेली जांभई दात आवळून गिळायलाही शिकली. झालं भलतंच. रोजची वजनंसुद्धा हातातून निसटू लागली. कॉलरवरून इस्त्री फिरवताना ती पुटपुटायची, "संपलं आपलं."

अशात संघाची निवड चाचणी आली. या वेळी संघात नाव लागलं नाही, तर बारला पुन्हा हात लावायचा नाही, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. प्रयत्न तीनच मिळायचे. पहिला फसला. दुसऱ्या वेळी तिने अशी आरोळी ठोकली की पंच दचकले. बार काही दचकला नाही.

पकड घसरू नये म्हणून हाताला खडूची पूड चोळून ती शेवटच्या प्रयत्नासाठी पुढे आली. समोर पाहिलं, तर पहिल्याच रांगेत सासूबाई! सुनेचा खेळ बघायला त्या प्रथमच आल्या होत्या. पर्स छातीशी कवटाळून, चारचौघांत तोंडावर हातही न ठेवता, कवळी दिसेल एवढी लांबलचक जांभई देत होत्या. आता जांभई म्हणजे एकाची बघून दुसऱ्याला येणारच. दात आवळायच्या आत हिचंही तोंड उघडलं. एक झाली, लगेच दुसरी. डोळ्यांत पाणी आलं. सरांनी कपाळावर हात मारला. तिने वाकून बार धरला, छातीशी घेतला, डोक्यावर नेला आणि पंचांची खूण होईपर्यंत वर धरून ठेवला.

संघात नाव लागलं. सर जवळ येऊन म्हणाले, "चुकलं माझं. द्या आता हव्या तेवढ्या."

ती हसत हसत सासूबाईंकडे धावली. "आई, किती उपकार झाले तुमचे! बरं झालं बाई, तुम्हाला कंटाळा आला ते."

"कंटाळा?" सासूबाई उखडल्याच. "अगं, जीव टांगणीला लागला होता माझा! भीती वाटली की मला अशाच जांभया येतात. माझ्या पोरांच्या परीक्षांनासुद्धा बाहेर बसून हेच चालायचं."

आता कुठे तिला स्वतःच्या जांभयांचा अर्थ कळला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, पोरांसाठी यायच्या तशाच जांभया सासूबाईंना आज तिच्यासाठी आल्या होत्या. तिने सासूबाईंचा हात हातात घेतला. तो अजूनही गारच होता.