मधला दीपक

दीपक शिवगण बोटीवरची नोकरी संपवून कायमचा घरी आला, तेव्हा आता आपल्याला कळायला अवघड असं जगात फारसं काही उरलं नाही, अशी त्याची समजूत होती. उभी हयात त्याने व्यापारी बोटींच्या इंजिनरूममध्ये काढली. तिथे कुणी कुणाचं ऐकायचं हे ठरलेलं असे. मिरजोळ्याच्या पलीकडच्या आपल्या वाडीत मात्र महिन्याभरातच त्याची मती गुंग झाली.

वाडीच्या मधून पऱ्या वाहतो. दिवाळीनंतर त्याचं पाणी कमी होत जातं आणि शिमग्यापर्यंत विहिरी तळाला जातात. पूर्वी सगळी वाडी मिळून पऱ्यावर बांध घालायची. पुढे वरचे आणि खालचे असे दोन तट पडले, बोलणं तुटलं आणि बांध घालणंही राहून गेलं. गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या मागे हंडे घेऊन धावावं लागलं, तेव्हा बांध दोघांनाही हवासा झाला. पण आधी तोंड उघडायचं कुणी?

भातकापणी उरकली आणि एका सकाळी वरच्या वाडीचे आप्पा कुठल्याच तटात नसलेल्या दीपकच्या पडवीत येऊन बसले. रविवारी आम्ही बांधाला येतोय, खालच्यांच्या कानावर घाल, असं त्यांनी सांगितलं. तुम्हीच का सांगत नाही, असं दीपकने विचारलं, तेव्हा आप्पा चहा संपवून उठले.

दुपारी खालून गोदाकाकी आली.

"आमी रविवारी बांध घालतोय," ती म्हणाली. "वरच्यांना बोलवत नाय. पन आले तर आमी नाय म्हननार नाय."

म्हणजे वरच्यांनी यायचं की नाही, हे दीपकला उमगेना. त्याने बायकोला, सावित्रीला विचारलं. यायचंच, असं ती भाकरी भाजता भाजता म्हणाली, जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

भांडण मुळात कशावरून झालं, तेही त्याने शोधून पाहिलं. आप्पांच्या म्हणण्याप्रमाणे पालखी आधी कुणाच्या घरी न्यायची यावरून. गोदाकाकी शेताच्या बांधावरच्या फणसाचं नाव घेत होती. सावित्रीला आठवत होतं ते कुठल्याशा लग्नातलं, पंगतीत कुणाला तरी वाढायचं राहून गेलं होतं. तिघंही शपथेवर सांगत होती. दीपकने नाद सोडला.

रविवारी दोन्ही काठांवर माणसं जमली. सिमेंटच्या रिकाम्या गोणींत वाळू भरून वरच्यांनी त्यांच्या काठाकडून आणि खालच्यांनी त्यांच्याकडून रचायला सुरुवात केली. मधे गुडघाभर पाण्यात दीपक. "दीपक, त्यांना सांग, गोण आडवी टाका," आप्पा म्हणायचे. दीपक वळून सांगायला लागेपर्यंत पलीकडे गोण आडवी पडलेली असायची. गोदाकाकीचा निरोप पोचवायला तो वळला की आप्पा आधीच मान हलवत असायचे. मग आपण इथे कशाला उभे आहोत? एकदा तो मुद्दामच गप्प राहिला, तर दोन्हीकडचं काम थांबलं आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्याने घाईघाईने निरोप सांगितला. काम पुन्हा सुरू झालं.

दुपार होता होता मधली फट तेवढी उरली. सगळं पाणी तिथूनच जोराने सुटायला लागलं. एक गोण वाहून गेली, तिच्यामागोमाग दुसरी. गोणींची तळाची रांग हलायला लागली तशी गोदाकाकी पाण्यात उतरली आणि पाठ लावून गोणींना टेकली. दीपक धावला, पण आपण कुठल्या बाजूला हात लावावा हे त्याला सुचेना.

"गोदा, पाय रोव," आप्पा म्हणाले. "मी टाकतोय."

"टाका," ती म्हणाली.

गोण बसली. तिच्यावर आणखी चार बसल्या. पाण्याचा आवाज मंदावला. इतक्या वर्षांनी ही दोघं बोलली, म्हणून दीपकने आजूबाजूला पाहिलं. कुणीही थांबलं नव्हतं. सगळे चिखल थापत होते. आपल्याला भास झाला की काय, असंही त्याला क्षणभर वाटलं.

जेवायला बायकांनी भात आणि कुळथाची पिठी आणली होती. आता सगळे एकत्र बसतील म्हणून दीपकने मधोमध जागा धरली. वरचे वर बसले, खालचे खाली. दीपक एकटाच मधे जेवला. पिठी गोदाकाकीच्या पुढ्यात होती. वाटी दीपककडे सरकवत आप्पा म्हणाले, "तिला विचार, वाईच पिठी उरलीय का."

त्या वर्षी विहिरींना मे महिन्यापर्यंत पाणी राहिलं, टँकर आला नाही. पण वाडीतल्या भांडणाचं काय झालं, हे दीपकला सांगता येत नाही. देवळात आप्पा आणि गोदाकाकी एकमेकांकडे बघतही नाहीत. आप्पा तापाने पडले, तेव्हा मात्र रोज पेजेचा डबा खालून जायचा, तोही दीपकच्या हाती.

परवा आप्पा पुन्हा पडवीत येऊन बसले. शाळेकडे उतरणारी दगडी पायऱ्यांची पाखाडी पावसात निसटली होती, चिरे बसवायला हवे होते. खालच्यांच्या कानावर घालायचं होतं. ते गेल्यावर दीपकने सावित्रीला विचारलं, "भांडण मिटलं का नाही, एकदा सांग तरी."

"असलं कुणाला विचारत जाऊ नका," ती म्हणाली.

दीपकने चपला पायांत सरकवल्या. मग तो गोदाकाकीच्या घराकडे चालायला लागला.