उकंडराव हवालदाराची माणसं

साखरखेर्ड्याच्या दक्षिणेला एक नाला होता. नाल्याच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचं राज्य, म्हणजे आमच्या तोंडची मोगलाई. अलीकडच्या वाडीत उकंडराव हवालदार राहत. ब्रह्मदेशच्या लढाईतून ते परत आले ते दोन पदकं आणि हिवताप घेऊन. पदकं त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, पेटीत तळाशी ठेवून दिली. ताप मात्र महिन्यातून एकदोनदा उठेच.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धाकानं पळालेली माणसं नाला ओलांडून येऊ लागली. कोणाचं घर लुटलेलं, कोणाचा भाऊ मारलेला. त्यांतल्या तरण्या गड्यांनी आमराईत छावणी टाकली आणि शिकवायला उकंडरावांना बोलावून नेलं. चाळीस जण होते. ते त्यांना 'कमांडरसाहेब' म्हणत.

"मले ते नाव गोड लागे व," पुढं ते मनकर्णाबाईंजवळ कबूल करत.

आषाढात नाल्यापलीकडचा करोडगिरीचा नाका, म्हणजे निजामाचं जकातीचं ठाणं, जाळायचं ठरलं. नाक्यामागं पिंजाऱ्यांची, म्हणजे कापूस पिंजणाऱ्या गरीब मुसलमानांची, चार घरं होती. आदल्या संध्याकाळी छावणीत शालिग्राम बोलला. त्याच्या भावाला रझाकारांनी मारलं होतं.

"नाकाच काऊन? मागची घरं कोनाची आहेत, ठावं आहे ना? एकबी ठेवाचं नाही."

दोघंतिघं हसले. घोंगडी पांघरून बसलेल्या उकंडरावांनी ते ऐकलं. रागातलं बोलणं आहे, विरून जाईल, असं त्यांना वाटलं. सकाळी त्यांना फणफणून ताप भरला. त्यांनी शालिग्रामलाच पुढारी नेमलं आणि सांगितलं, "बंदुका घ्या, कागदं जाळा, माघारी या." घरांविषयी ते काहीच बोलले नाहीत.

दुपारी गडी जयजयकार करत उकंडरावांच्या अंगणात परतले. दोन बंदुका आणल्या होत्या. पण मागून एक बकरी आली, तांब्याची घागर आली, आणि एकाच्या खांद्यावर कापूस पिंजायची कमान होती.

उकंडराव खाटेवरून उठले. "नाक्यावर पिंजण कुठून आली बे?"

ती पिंजण त्यांच्या ओळखीची होती. हैदर पिंजारी दरसाल थंडीच्या तोंडावर वाडीत यायचा, ओसरीवर बसून गाद्यांचा कापूस पिंजायचा. मनकर्णाबाई त्याला भाकर द्यायच्या आणि तो त्यांना आपल्या बायकोच्या, इमामबीच्या, गोष्टी सांगायचा.

माघारी नेऊन द्यायला उकंडरावांनी सगळं सामान गोळा करायला लावलं. मनकर्णाबाईंनी घागर डोक्यावर घेतली.

"तू कुठं?"

"तापात नाल्यात पडसान तुमी. मीबी येतो संगं."

चारही घरं जळली होती, बाकीची माणसं रानात पळाली होती. इमामबी लिंबाखाली बसली होती, दोन्ही हात भाजलेले. शेजारी वाकळेवर हैदर पडून होता. डोक्याला फडकं बांधलेलं, डोळे मिटलेले. उकंडरावांनी पिंजण खाली ठेवली, बकरी बुंध्याला बांधली आणि ते उभेच राहिले.

"तुमी होते काय इथं?" इमामबीनं विचारलं.

"नाही. पन मानसं माही होती."

"मंग?"

"काल त्यायचं बोलनं ऐकलं होतं मी. थांबवलं नाही."

इमामबीनं त्यांच्याकडं पाठ फिरवली. "मनकर्णाबाईले बसू द्या," ती म्हणाली, "तुमी जा."

मनकर्णाबाई तिथं चार दिवस राहिल्या. भाजलेल्या हातांना तेल लावलं, हैदरच्या तोंडात चमच्यानं पाणी घातलं. चौथ्या दिवशी हैदर गेला.

उकंडरावांनी छावणी रांगेत उभी केली. "हैदरभाई गेला. कोनं मारलं?"

शालिग्राम पुढं आला. "मी मारलं. पन तुमी तिथं नव्हतेच. तुमच्यावर काई येत नाही."

"येते," उकंडराव म्हणाले. "तू बोलला, ते ऐकून मी तुलेच पुढं धाडलं."

त्याच दिवशी छावणी मोडली. गुन्हा कबूल करायला उकंडराव आणि शालिग्राम मेहकरच्या कचेरीत गेले. तिथल्या साहेबानं उकंडरावांचा जबाब अर्धाच ऐकला. "हवालदार, पलीकडच्या मुलखातला गुन्हा आम्ही कुठं लिहायचा? घरी जा, औषध घ्या." बाहेर आल्यावर शालिग्राम त्यांच्या पाया पडला आणि दुसऱ्या छावणीकडं निघून गेला. तो परत कधी दिसला नाही.

सप्टेंबरात हिंदी फौज मोगलाईत शिरली. रझाकार पळाले, आणि लोकांचा राग गरीब मुसलमानांच्या दारांवर येऊन आदळला. उकंडराव मनकर्णाबाईंना घेऊन नाल्यापलीकडं धावले. जळक्या भिंतींच्या आडोशाला राहिलेली इमामबी त्यांच्याबरोबर यायला तयार नव्हती. मनकर्णाबाईंनी तिचा हात धरला तेव्हा कुठं ती उठली.

तिसऱ्या दिवशी पाच जण काठ्या घेऊन दारात आले. दोघं त्याच छावणीतले होते.

"पिंजाऱ्याची बुढी कुठं आहे?"

उकंडराव उंबऱ्यावर बसले होते. अंगात ताप होता, दात वाजत होते. "घरात आहे. मांग एकदा मी गप बसलो होतो, आता नाही बसत. काठी पयले माह्यावर चालवा."

छावणीतल्या दोघांनी माना खाली घातल्या. पाचही जण गेले.

इमामबी दीड वर्ष त्या घरात राहिली. उकंडरावांशी ती सरळ कधी बोलली नाही. पण ताप चढला की आतून आवाज यायचा, "मनकर्णे, हवालदाराले म्हनाव, गोळी घ्या." दोघी मिळून वाकळा शिवायच्या. सुईत दोरा मनकर्णाबाई ओवायच्या, कारण इमामबीची बोटं नीट वळत नव्हती.

मग एके दिवशी तिनं आपल्या जागेवर जायचं काढलं. उकंडरावांनी अडवलं नाही. रोज सकाळी नाला ओलांडून ते तिचं घर उभं करू लागले. मातीच्या भिंती घातल्या, बाभळीचे खांब रोवले, वर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या अंथरून माती लिंपली. मदतीला कोणाला बोलावलं नाही. अडीच महिने लागले.

शेवटचा हात फिरवून ते खाली उतरले. इमामबीनं पाण्याचा लोटा पुढं केला. तिच्या हातचं पाणी ते पहिल्यांदाच पीत होते.

"आता रोज येत जाऊ नका," ती म्हणाली. दीड वर्षात प्रथमच ती त्यांच्याशी बोलत होती. "सनाले या. मनकर्णेले घेऊन या."

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सांगितलं. मनकर्णाबाई पीठ मळत होत्या.

"कोनत्या सनाले? तिच्या का आपल्या?"

"इचारलं नाही."

"मंग दोनी सनाले जाऊ."

इमामबी होती तोवर ती दोघं ईदला गेली आणि दिवाळीलाही गेली. हैदरचं नाव उकंडरावांनी तिथं आपणहून कधी काढलं नाही. कधीमधी इमामबीच काढायची, त्याची एखादी खुळी गोष्ट सांगायची, आणि उकंडराव मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकायचे.