पहार दुसऱ्या बाजूला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिची समजूत अशी की माझ्या पोटात काही राहत नाही. राहतं — चांगलं मुरून राहतं. आता तुम्ही ऐकायला बसलाच आहात तर ऐका. मध्ये थांबलो तर पुढे ढकलू नका, माझं मी येईन.

जव्हारपासून आत, डोंगरात एक आश्रमशाळा आहे. नाव सांगत नाही. मी तिथं कारकून होतो. माझ्या खुर्चीमागे एक जुनी लोखंडी तिजोरी होती आणि तिची एकुलती एक किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. तिजोरीत शाळेचे शिक्के, थोडे कागद आणि शाळेच्या जीपची किल्ली. सरांचा कुणावर विश्वास नव्हता. माझ्यावर थोडा होता — त्यांना माणसांची पारख किती होती ते यावरून समजा.

एकदा तिजोरीमागे उंदीर मरून वास सुटला. ती पुढे ओढताना पुढच्या पायाखाली कौलाचा तुकडा अडकला आणि तिजोरी मागे कलली. तोल सावरायला मी डावीकडे वरच्या कोपऱ्यावर थाप मारली, दुसऱ्या हातानं मूठ धरलेली होती, ती फिरली. दार उघडलं. किल्ली नाही, काही नाही. मी परत लावलं, परत तसंच केलं, परत उघडलं. आतला खटका कधीचा झिजलेला असणार.

सरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का? चोरायचं तर काही नव्हतं. पण साहेबाला जे माहीत नाही ते आपल्याला येतं — याची चव घेतलीत कधी? जिभेवरून जात नाही ती.

मग दिवाळीची सुट्टी लागली. पोरं घरी गेली, सर नाशिकला गेले, ऑफिसात मी एकटा. तिजोरी उघडायची, जीप काढायची आणि जव्हार गाठायचं. तिथं काय करायचं? काही नाही हो. मिसळ खायची, एसटी डेपोसमोर जीप लावायची, खिडकीत कोपर टेकवून बसायचं. कुणीतरी ओळखीचा म्हणायचा, “काय सायेब, आज गाडी?” एवढ्यासाठी. लाज वाटते म्हणून हसतोय, हसण्यासारखं काही नाही.

सुट्टी संपल्यावर सरांनी टाकीत डिझेल कमी पाहिलं आणि ड्रायव्हरला धरलं. लखमा. शेजारच्या पाड्यावरचा, चार वाक्यं सलग न बोलणारा माणूस. सर म्हणाले, तू दुसरी किल्ली करून घेतली आहेस. तो म्हणाला, “मी नाय नेली.” सर ओरडत राहिले, तो तेवढंच म्हणत राहिला. कर नाही त्याला डर कशाला म्हणतात ना — त्याला डर नव्हती, पण नोकरी गेली. मी तिथंच बसलो होतो, खाली मान घालून शिक्के मारत. त्यानंतर जीप सर स्वतः चालवू लागले. आणि मी तिजोरीला हात लावणं बंद केलं. भीतीनं, दुसरं काही नाही.

आता तो रविवार. आषाढाचे दिवस. मास्तर लोक शनिवारीच दुचाक्यांवर घरी गेले होते, सर घरी नाशिकला, एसटीनं. जीप व्हरांड्यापुढे उभी. दुपारी स्वयंपाकघरामागे लाकडं आणायला गेलेली सुकरी ओरडत आली. सहावीतली पोर, वांगणीची, आईबाप भिवंडीकडे मजुरीला. पायाला घोणस चावली होती. बघता बघता पाय सुजला. रुग्णवाहिकेला फोन लावला, तर ती मोखाड्याकडे बाळंतिणीला घेऊन गेलेली, यायला वेळ होता. सरांचा फोन लागत नव्हता. आरडाओरडा ऐकून पाड्यावरची माणसं धावत आली. त्यांत लखमा होता.

तो म्हणाला, “किल्ली काढा. मी नेतो पोरीला.”

मी म्हणालो, तिजोरीत आहे, तिजोरीची सरांकडे.

त्यानं जीपच्या तारा जोडून पाहिल्या, पण स्टीअरिंगचं कुलूप निघेना. तो धावत ऑफिसात आला. “फोडा मंग,” म्हणाला. कुणीतरी पहार आणली.

आता — कसं सांगू. कौलाचा तुकडा बाहेर पायरीवर पडलेला मला दिसत होता. उचलायचा, पायाखाली सारायचा, एक थाप. पाणी पिण्याइतका वेळ. पण खोलीत माणसं होती, लखमा होता. तुकडा सारताना पाहून कुणालाही कळलं असतं की हा माणूस हे पहिल्यांदा करत नाही. मग डिझेल कुणी जाळलं, तेही कळलं असतं. त्या क्षणी सुचलं नाही असं म्हणणं सोपं आहे. सुचलं. सगळं सुचलं. पोरीचं कण्हणंही ऐकू येत होतं.

मी लखमाच्या हातातून पहार घेतली. म्हणालो, सरकारी वस्तू आहे, जबाबदारी माझी, मी फोडतो. आणि मारू लागलो — उजवीकडे. बिजागरीच्या बाजूला, जिथं मारून ती उघडूच शकत नव्हती. जीव खाऊन मारलं. तळहातांना फोड आले, ते फुटले. बायका म्हणत होत्या, सायेब थांबा, रक्त येतंय. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर दुसऱ्या कुणी पहार घेतली असती, आणि त्यानं चुकून डावीकडे मारली असती तर?

हेच. हेच सांगायचं होतं.

शेवटी लखमानंच मला बाजूला केलं. बांबूला चादर बांधून झोळी केली, पुढचा खांदा त्यानं दिला, पावसातून ते तिला डांबरी रस्त्यावर घेऊन गेले. तिथून टेम्पो मिळाला. जव्हारच्या दवाखान्यात संध्याकाळी ती गेली. लवकर आणली असती तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. उत्तर नको होतं.

सर आले, हळहळले, माझे पट्टी बांधलेले हात सगळ्यांना दाखवत म्हणाले, आमच्या कारकुनानं शिकस्त केली. लखमाला कुणी परत कामावर घेतलं नाही. मीही त्याच्यासाठी शब्द टाकला नाही. तो पुढे वसईला बांधकामावर गेला. अजून तिकडेच असतो म्हणे.

पुढच्या वर्षी शाळा सुरू झाल्यावर, जूनमध्ये, सुकरीचा बाप आला. बरोबर एक लहान पोरगी, तेल लावून चापून विंचरलेली, बापाच्या सदऱ्याचं टोक धरून. तो दारातच उकिडवा बसला. खुर्ची देत होतो, घेतली नाही.

म्हणाला, “सायेब, आमच्या सुकरीसाठी तुम्ही हात फोडून घेतलां. लखमानी सांगलां.” मग पोरीला पुढे केलं. “ही धाकली. हिची माय नको म्हणं शाळेत. मी बोललू, तो सायेब हाय तिथं. तुमच्या भरवशावर ठेवतो.”

मी त्याच्याकडे पाहिलं. मग पोरीकडे.

म्हणालो, “ठेव.”